विंडोज १० थांबलं, मग घरचा कॉम्प्युटर बदलायचा का?

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज आम्ही बोलणार आहोत घरच्या कॉम्प्युटरबद्दल. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही त्यांनीही ऐका, कारण तुमच्या गटाचा हिशेब कुणाच्या ना कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये असतोच.

आमच्या गटात बारा जणी. कॉम्प्युटर असतो सचिव ताईंच्या घरी. म्हणजे तो गटाचाही आणि घरचाही. सकाळी त्यावर त्यांच्या मुलीचा कॉलेजचा फॉर्म भरला जातो, दुपारी मसाल्याची बिलं निघतात आणि मासिक सभेच्या आदल्या रात्री बचतीचा आणि कर्जाचा हिशेब होतो. २०१८ साली घेतलेलं यंत्र. गेल्या ऑक्टोबरात त्याच्या पडद्यावर इंग्रजीत सूचना यायला लागली. मुलीने वाचून सांगितलं, "आई, विंडोज १० ला आता कंपनीचे अपडेट मिळणार नाहीत म्हणे."

तालुक्याला एका दुकानात विचारलं. ते म्हणाले, "ताई, हा आता भंगारात काढा, बेचाळीस हजारांत नवीन देतो." दुसरीकडे विचारलं, तर उत्तर आलं, "काही नवीन घेऊ नका, पाचशे रुपये द्या, यावरच विंडोज ११ टाकून देतो." एक म्हणतो बेचाळीस हजार, एक म्हणतो पाचशे. भावात एवढा फरक दिसला की समजावं, माल काय आहे तेच आपल्याला अजून कळलेलं नाही. म्हणून पैसे काढण्याआधी आम्ही दोन सभा फक्त समजून घ्यायला घालवल्या. त्यात जे कळलं ते आज सांगतो.

थांबलं म्हणजे नेमकं काय थांबलं?

विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टिम. म्हणजे कॉम्प्युटरचा सगळा कारभार बघणारा मूळ प्रोग्राम. कळ दाबली की अक्षर उमटवणं, प्रिंटरकडून कागद काढून घेणं, कोणती फाइल कुठे आहे ते लक्षात ठेवणं, ही सगळी कामं तो करतो. हिशेबाचं एक्सेल, इंटरनेटचं क्रोम, हे सगळे त्याच्या जिवावर चालतात.

विंडोज १० बाजारात आलं जुलै २०१५ मध्ये. विंडोज ११ आलं ऑक्टोबर २०२१ मध्ये. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती बंद केली. याआधीही असं झालेलं आहे. विंडोज एक्सपीची दुरुस्ती एप्रिल २०१४ मध्ये थांबली, विंडोज ७ ची जानेवारी २०२० मध्ये.

दुरुस्ती थांबली म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही. तुमच्या फाइली, फोटो, प्रिंटर, सगळं काल होतं तसंच आज असतं. मग बिघडतं काय? आपल्या वावराला कुंपण असतं. कुंपण कितीही चांगलं घातलं तरी कुठे ना कुठे फट पडतेच. राखणदार दर महिन्याला फेरी मारतो, फट दिसली की काटे लावून बुजवतो. विंडोजमध्येही अशा फटी सापडत राहतात, आणि कंपनी दर महिन्याला त्या बुजवत असते. त्यालाच आपण अपडेट म्हणतो. १४ ऑक्टोबरनंतर राखणदाराची फेरी बंद झाली. कुंपण त्या दिवशी पडलं नाही. पण यापुढे पडलेली फट तशीच राहणार.

त्या फटीतून काय शिरतं, याचं एक खरं उदाहरण सांगतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा एक घातक प्रोग्राम दीडशेहून जास्त देशांतल्या कॉम्प्युटरमध्ये शिरला. तो सगळ्या फाइलींना कुलूप लावायचा आणि पडद्यावर लिहायचा, तीनशे डॉलर द्या, तर उघडतो. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांचे कॉम्प्युटर त्यात अडकले आणि रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या, शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. यातली ध्यानात ठेवायची गोष्ट ही, की ती फट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं होतं त्यांचे कॉम्प्युटर त्या फटीपासून वाचले. ज्यांनी घेतलं नव्हतं किंवा ज्यांना मिळतच नव्हतं, ते सापडले.

आमच्या गटात एकीने विचारलं, "आपल्या बारा जणींच्या हिशेबात चोराला काय मिळणार?" तिचं म्हणणं बरोबर आहे. चोराला आपला हिशेब नकोच असतो. पण असले प्रोग्राम घर बघून येत नाहीत, फट बघून येतात. हिशेब चोराच्या कामाचा नसला तरी आपल्या कामाचा आहे, आणि त्याला कुलूप लागलं तर बँकेपुढे काय ठेवणार?

तरी उद्याच धावायचं कारण नाही. विंडोज ७ ची दुरुस्ती २०२० मध्ये थांबली, पण त्यावर नवीन क्रोम मिळणं बंद झालं २०२३ मध्ये. म्हणजे धोका एका रात्रीत येत नाही, हळूहळू वाढतो. विचार करायला वेळ आहे, विसरून जायला नाही.

आधी काम फाइलींचं

काहीही ठरवायच्या आधी एक काम करा. जे जे महत्त्वाचं आहे त्याची नक्कल दुसरीकडे काढा. हे आम्ही अनुभवाने सांगतो. तीन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर मंद झाला म्हणून आम्ही तो एका ओळखीच्या माणसाकडे दिला. त्याने विचारलं, "डी ड्राइव्हला हात लावत नाही, चालेल ना?" आम्ही हो म्हटलं. आमचा कर्जाचा हिशेब होता डेस्कटॉपवर, म्हणजे समोर दिसणाऱ्या पडद्यावर. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही कप्पे बहुतेक वेळा सी ड्राइव्हमध्ये असतात, हे आम्हाला माहीत नव्हतं. त्याने सी ड्राइव्ह पुसला आणि चौदा महिन्यांचा हिशेब गेला. बारा जणींची पासबुकं पसरून, एकेक हप्ता जुळवत आम्ही तो परत लिहिला. अकरा दिवस लागले. एकीच्या दोन हप्त्यांवरून वाद झाला, तो मिटायला आणखी महिना.

म्हणून नक्कल दोन ठिकाणी ठेवा. एक पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर, आणि ती काम झालं की काढून कपाटात ठेवा. जोडलेलीच राहिली तर कुलूप लावणारा प्रोग्राम तिलाही कुलूप लावतो. दुसरी गटाच्या ईमेल खात्यात. आणि नक्कल काढली एवढ्यावर थांबू नका, ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.

इथे मराठीची एक खास अडचण आहे. जुने ठराव आणि इतिवृत्त कुणाकुणाचे श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेले असतात. तो फॉण्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि भलतीच चिन्हं दिसतात. फाइल खराब झालेली नसते, फॉण्ट नसतो. अशा फाइलींची आधीच पीडीएफ करून ठेवा, आणि तो फॉण्टही सोबत जपून ठेवा. यापुढचं टाइपिंग युनिकोडमध्ये करा. मोबाइलवर आपण मराठी लिहितो ते युनिकोडच, ते कुठेही उघडतं.

आपलं यंत्र चालेल का, कसं बघायचं?

आता कॉम्प्युटरकडे वळू. कागद-पेन घ्या आणि तीन गोष्टी लिहून काढा.

पहिली, आत्ता कोणतं विंडोज आहे. कीबोर्डवर खिडकीचं चिन्ह असलेली कळ आणि आर ही कळ एकदम दाबा. छोटी चौकट उघडेल. त्यात डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा अक्षरं टाइप करून एंटर दाबा. विंडोज १० आहे की ११, ते समोर येईल.

दुसरी, प्रोसेसर आणि रॅम. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात अबाउट उघडलं की दोन्ही दिसतात. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. ही झाली कागदावरची अट. रोजच्या कामाला ८ जीबी रॅम असेल तर बरं, ४ वर ते रडतखडत चालतं. प्रोसेसर इंटेलचा असेल तर आय-थ्री, आय-फाइव्ह याच्यापुढचा आकडा बघा. चार आकडी असेल आणि सुरुवात ८ ने असेल तर तो आठव्या पिढीचा, ७ ने असेल तर सातव्या. पाच आकडी असून सुरुवात १० ने असेल तर दहाव्या पिढीचा. ढोबळ मानाने आठव्या पिढीपासून पुढचे चालतात. खरेदीच्या सालावर जाऊ नका. आमचा २०१८ चा म्हणून आम्हाला वाटलं चालेल, निघाला सातव्या पिढीचा.

तिसरी, टीपीएम २.०. ही कॉम्प्युटरच्या आत असलेली कुलूप-किल्लीची सोय. विंडोज ११ ला ती लागतेच. बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये ती असते, फक्त बंद ठेवलेली असते आणि जाणकार माणूस ती चालू करून देऊ शकतो. तेव्हा "टीपीएम नाही, नवीन घ्या" असं कुणी म्हणालं तर विचारा, "नाही, की बंद आहे?"

हे सगळं एका झटक्यात बघायचं तर मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं मोफत ॲप आहे. ते सरळ सांगतं, चालेल की नाही, आणि नाही तर कशामुळे.

समोर चार वाटा

पहिली वाट, विंडोज ११ वर जाणं. यंत्र अटींत बसत असेल आणि विंडोज १० अधिकृत असेल तर हे अपडेट मोफत आहे. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधून ते घेता येतं आणि तसं घेतलं तर फाइली जागच्या जागी राहतात. नाही जमलं तर दहा दिवसांच्या आत मागे विंडोज १० वर येता येतं. त्या दहा दिवसांत प्रिंटर, हिशेबाचा प्रोग्राम, अंगठ्याचं मशीन, सगळं एकदा चालवून बघा. महिनाअखेरीला किंवा लेखापरीक्षणाच्या तोंडावर हे काम काढू नका.

दुसरी वाट, वर्षभराची मुदतवाढ. घरगुती कॉम्प्युटरसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सुरक्षेपुरती दुरुस्ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊ केली आहे. दुकानदार हे सहसा सांगत नाहीत. त्यासाठी विंडोज १० ची शेवटची आवृत्ती लागते, २२एच२ नावाची, आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात चालू केला तर पैसे पडत नाहीत. नाहीतर ३० डॉलर भरायचे. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीची जागा असते. यात नवीन सोयी मिळत नाहीत, फटी तेवढ्या बुजवल्या जातात. आपल्याला तेवढंच हवं असतं.

तिसरी वाट, लिनक्स. ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम आहे, मोफत आहे, आणि जुन्या यंत्रावरही चालते. उबुंटू, लिनक्स मिंट ही त्यातली नावं. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कितीतरी वर्षं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात, म्हणजे ती काही फक्त इंजिनिअरांची गोष्ट नाही. युनिकोड मराठी त्यावर चालते. एक्सेलच्या फाइली लिबरऑफिसमध्ये उघडतात. पेनड्राइव्हवरून आधी चालवूनही बघता येतं, आतलं काही न पुसता. पण टॅली आणि श्रीलिपी विंडोजवरची आहेत, आणि अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअरही बहुधा विंडोजसाठीच असतं. आपल्यातल्या ज्या बँक सखी आहेत, त्यांनी ही वाट धरण्याआधी आपल्या बँकेला विचारावं. इंटरनेट, टाइपिंग, मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल, तर ही वाट चांगली.

चौथी वाट, नवीन कॉम्प्युटर. यंत्र अटींत बसत नसेल, रोजच्या धंद्याचं काम त्यावर असेल, आणि पैसे कर्ज न काढता उभे राहत असतील, तर घ्यावा. जुनाच वापरून घेतलेला घेत असाल तर वर सांगितलेल्या तीन गोष्टी दुकानात उभं राहून बघा. नाहीतर पैसे देऊन तीच अडचण घरी आणाल.

आणि यातलं काहीच जमत नसेल तर निदान एवढं करा. त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट काढून टाका, तो हिशेब आणि टाइपिंगपुरता ठेवा, आणि बँकेचं काम त्यावर करू नका. बाहेरचा पेनड्राइव्ह मात्र त्यालाही जपूनच लावा.

दुकानात जाताना

पाचशे रुपयांत विंडोज ११ टाकून देतो म्हणणारा माणूस खोटं बोलत होता असं नाही. अटी चुकवून ते टाकता येतं. पण अशा यंत्राला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्या राखणदारासाठी एवढा खटाटोप, तोच येईल की नाही ठाऊक नाही. अनधिकृत विंडोजचंही तसंच. ते चालू करायला जो प्रोग्राम वापरतात, त्यातूनच कधी कधी घातक प्रोग्राम आत येतो.

दुसरी गोष्ट आहे ईमेलची. नवीन विंडोज ११ चालू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. दुकानातला मुलगा घाईत स्वतःचं ईमेल टाकून देतो आणि आपण "बरं झालं, पटकन झालं" म्हणतो. तसं होऊ देऊ नका. बऱ्याच नव्या कॉम्प्युटरवर आतल्या सगळ्या माहितीला आपोआप कुलूप लागतं, आणि त्याची किल्ली त्या खात्यात साठवली जाते. उद्या यंत्र अडलं आणि किल्ली मागायला लागलं, तर ती दुकानातल्या मुलाच्या खात्यात. तो गाव सोडून गेला की आपला हिशेब गेला. खातं गटाच्या ईमेलवर उघडा, ज्या नंबरवर ओटीपी येतो तो नंबर गटातल्या बाईचा ठेवा, आणि पासवर्ड लिहिलेला कागद पाकिटात घालून गटाच्या पेटीत ठेवा.

तिसरी, फोनवर येणाऱ्या "मदती"ची. पडद्यावर मोठ्या अक्षरांत "तुमचं विंडोज संपलं, या नंबरवर फोन करा" असं आलं, किंवा कुणी फोन करून एनीडेस्क घ्यायला सांगितलं, तर फोन ठेवा. मायक्रोसॉफ्ट आपणहून घरी फोन करत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.

आम्ही काय ठरवलं?

आमचं यंत्र सातव्या पिढीचं, म्हणजे विंडोज ११ ची वाट बंद. लिनक्स आम्हाला आवडलं, पण बिलं काढायचा आमचा प्रोग्राम विंडोजवरच चालतो. बेचाळीस हजार गटाच्या बचतीतून काढायचे, तर दोघी जणींचं खरिपाचं कर्ज मागे पडलं असतं. ते आम्हाला मान्य नव्हतं. म्हणून नोव्हेंबरच्या सभेत ठराव केला. मुदतवाढ घ्यायची, आणि मसाल्याच्या नफ्यातून दरमहा २,५०० रुपये कॉम्प्युटरच्या नावाने बाजूला टाकायचे. नोव्हेंबर ते सप्टेंबर अकरा महिन्यांत २७,५०० रुपये होतात. तेवढ्यात जो नीट मिळेल तो घ्यायचा, मग जुन्यावर लिनक्स टाकून तो मुलांना द्यायचा. नोंदणीला सचिव ताईंच्या मुलीला अर्धा तास लागला, पैसा लागला नाही.

तुमचा निर्णय वेगळा असेल. ज्या गटाकडे अंगठ्याचं मशीन आहे त्यांचा वेगळा, ज्या घरी फक्त मुलांचा अभ्यास आहे त्यांचा वेगळा. पण तो दुकानात उभं राहून, घाबरून किंवा लाजून होऊ नये. पुढच्या सभेत तीन प्रश्न विषयपत्रिकेवर घ्या. आपला हिशेब कोणत्या कॉम्प्युटरमध्ये आहे आणि त्याची नक्कल कुठे आहे? ते यंत्र कोणत्या विंडोजवर चालतं आणि पुढे जाऊ शकतं का? आणि त्याचं खातं, त्याचा पासवर्ड कुणाच्या हातात आहे? तिन्ही उत्तरं इतिवृत्तात लिहा.

आम्ही कॉम्प्युटर शिकलेल्या नाही. पासबुकं पसरून हिशेब जुळवण्याचे ते अकरा दिवस आठवले, म्हणून एवढं शिकलो. तुमच्यावर ते अकरा दिवस येऊ नयेत, एवढ्यासाठी आज बोललो.